जलाशय क्रमांक एकशे चौदा

पडद्यावर तलाव उघडला की आधी दिसतात चौकोन.
पाणी नंतर दिसतं, तेही मनानं.
एकेक चौकोन जमिनीवर दहा मीटरचा,
म्हणजे मनीषनगरातल्या आमच्या घराएवढा,
अंगण आणि कूलरचा ओटा धरून.

काठ असा चित्रात नसतोच कुठे.
असतात नुसते आकडे. मी त्यांची गर्दी मोजते,
किती काळे, किती करडे, किती उजळ,
आणि स्तंभालेखात दोन टेकड्या उभ्या राहतात.
एक पाण्याची, निमुळती.
दुसरी मातीची, पसरट,
कारण माती एका रंगावर कधी ठरत नाही.
मधल्या खिंडीत उंबरठा ठेवायचा.
अलीकडे पाणी, पलीकडे प्लॉट.

खिंडीतच सातशे चौकोन अडकून राहतात.
अर्धी जलपर्णी, अर्धा चिखल, एखादी म्हैस.
यंत्र त्यांच्यापुढे लिहितं
०.५२, ०.४९, ०.५०,
मग आजूबाजूच्यांना विचारतं, तुम्ही कोण?
ते जे म्हणतील तेच याच्याही नावापुढे.
आमच्या सोसायटीतही असंच चालतं.

मी म्हटलं, इथे रेघ नको, पट्टा काढू,
तीन चौकोन रुंद, अनिश्चिततेचा.
खापेकर साहेब चष्मा पुसत म्हणाले,
"पट्टा कोर्टाला चालत नाही, मॅडम. रेघ लागते."

सुकलू धुर्वे तेव्हा दारात उभे होते.
मोजणी खात्यात छत्तीस वर्षं साखळी ओढलेले,
आता फाइली आणून देतात.
"पाणी कुठं संपते ते पायाले कळते, बाई.
चाला, दाखवतो."

काटोल रोड. सेहेचाळीस अंश.
दुपट्ट्यात नाकापर्यंत गुंडाळलेली मी,
आणि ते बिनटोपीचे.
चप्पल काढायला लावली.
भेगाळलेली माती, तळव्याला तव्यासारखी.
मग दमट. मग टाच रुतायला लागली.
"आता?" "नाही."
"आता?" "अजून नाही."
घोटा भिजला तेव्हा मागे वळून मोजलं,
अकरा पावलं अशी होती
ज्यांत मला काहीच सांगता आलं नसतं.
अकरा पावलं. बरोबर एक चौकोन.

त्याच चौकोनात टिनाची खोली निघाली,
बाहेर बाज, बाजेखाली विटा
पाणी चढलं की वर उचलायला.
वच्छला उईके हात पुसत आली,
माझ्या मोबाइलमध्ये डोकावली.
"तुमच्या फोटोत मी कोनीकडे हावो?"
०.५०.
"मधात," मी म्हटलं.
ती हसली. "मधात कोनाले ठेवते का कोनी?"

चुका दोनच असतात:
पाण्याला जमीन म्हणणं, जमिनीला पाणी म्हणणं.
पुस्तकात सोयीसाठी दोघींची किंमत सारखी धरतात.
मी रात्री बसून दोन्ही करून पाहिल्या.
चौकोन जमीन ठरवला, तर लेआउटवाल्याचा खांब येतो
आणि बाज उचलली जाते.
पाणी ठरवला, तर महानगरपालिकेची गाडी येते
आणि बाज उचलली जाते.
उंबरठा शंभरदा हलवला.
तलाव थोडा फुगला, थोडा आटला,
तिच्या बाजूनं एकही आकडा पडला नाही.

रेघ पाठवली. पाठवावी लागतेच.
खाली टीप लिहिली:
या जागी ही रेघ अकरा पावलं जाड आहे.
टीप छापली जाईल की नाही, माहीत नाही.
खापेकर साहेबांनी अजून काही विचारलेलं नाही.

धुर्वेंना सांगितलं तर म्हणाले,
"आमच्या साखळीचंबी तसंच होतं.
उन्हात लोखंड लांबते.
दुपारी मोजलेलं वावर सकाळपेक्षा लहान भरे."
मग तुम्ही कोणतं लिहायचात?
ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
"साहेब ज्या वख्ती येत, त्या वख्तीचं."